छत्तीस सेव्ह, फोल्डरात शून्य

आजोबांच्या जुन्या निगेटिव्हचे कॅमेऱ्याने फोटो काढून, पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामने त्यांची चित्रं करतोय. शनिवारी रात्री पावणेदोनला स्क्रीनवर आलं, 'सेव्ह झाल्या: ३६'. खुशीत चहा टाकला, परत येऊन फोल्डर उघडला तर आत काहीच नाही. रिफ्रेश केलं, तरी नाही.

निगेटिव्ह उलट्या करण्याचं, म्हणजे काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं करण्याचं गणित जमल्याचं मागच्या वेळी लिहिलंच होतं. सेटअप तोच आहे, स्टँडवर कॅमेरा आणि निगेटिव्हच्या मागून उजेड देणारं लाइट पॅनल; फक्त ते पॅनल बदललं. स्वस्तातलं पॅनल शटर जरा वेगात गेलं की फोटोत पट्टे पाडायचं. त्याच्या नादात गेलेले दोन रविवार आठवले की अजून चिडचिड होते. पॅनलवर पैसे वाचवू नका, हवं तर स्टँड घरी ठोका.

तर फायली. आधी वाटलं डिस्क भरली. नव्हती. मग अँटिव्हायरसवर संशय, तो बंद करून पाहिला. मग कोडमध्ये फोल्डरचा पत्ता चुकला असेल म्हणून तो तीनदा तपासला. पत्ता बरोबर, फोल्डरही जागेवर. एरर एकही नाही, आणि खरी मेख तिथेच होती. ओपन-सीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचं इमराइट, म्हणजे चित्र फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन, फाइल लिहिता आली नाही तर बऱ्याचदा बोंब मारत नाही, गुपचूप 'फॉल्स' परत देतं. ते उत्तर मी बघतच नव्हतो. लूप फिरला की मोजणी एकने वाढव, एवढंच लिहिलेलं. म्हणजे '३६' हा माझाच गाढवपणा.

मग थेट सी ड्राइव्हवरच्या एका टेंप फोल्डरात 'चाचणी' नावाने एक पीएनजी लिहून पाहिली. या वेळी उत्तर 'ट्रू'. फाइल दिसली, पण नाव? डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला चिकटून चलनाचं चिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चिन्ह. तेव्हा ट्यूब पेटली. फोल्डरांना मी निगेटिव्हच्या पाकिटांवरचीच नावं दिलीत, आजोबांच्या अक्षरात होती तशी: 'पंढरपूर', 'मुंज', 'इतर'. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, 'पंढरपूर'चे झाले २१. विंडोजवर इमराइट ते बाइट जुन्या कोड पेजच्या, म्हणजे एका बाइटला एक रोमन अक्षर किंवा चिन्ह मानणाऱ्या, तक्त्याने वाचायला देतं, आणि तसल्या नावाचा फोल्डर अर्थातच कुठे नसतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फायली, वाचताना हे कधी अडलं नाही, कारण तिथे फाइल पायथनने उघडून रॉपाय या रॉ वाचणाऱ्या लायब्ररीच्या हातात देतो.

पहिला विचार आला, सगळी नावं रोमनमध्ये करून मोकळं व्हावं. आत्या म्हणाली, "मग मला काय कळणार कुठला रोल कुठला?" बरोबरच होतं तिचं. म्हणून आता ओपन-सीव्हीच्याच इमएन्कोडने चित्र आधी मेमरीतच पीएनजी करून घेतो आणि तो बाइटांचा गठ्ठा नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या टूफाइलने लिहितो. नाव पायथन सांभाळतं. दोन ओळींचं काम, त्यापायी रात्र गेली.

पहिली फाइल उघडली, ठार काळी! पण या खड्ड्यात आधी पडून झालंय. उलटं करण्याचं गणित ० ते १ मधल्या दशांशात चालतं आणि पीएनजीसाठी ते ८ बिटांत कोंबलं जातं, म्हणजे सगळं ० नाहीतर १, आणि ८ बिटांत पांढरं म्हणजे २५५. चाचणीची फाइल घाईत उघडूनच पाहिली नव्हती. ६५५३५ ने, म्हणजे १६ बिटांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याने गुणलं, यूइंट१६ (१६ बिटांचे पूर्णांक) केलं आणि फ्रेम २२ उघडली. चंद्रभागेच्या पायरीवर आजी, हातात मिटलेली छत्री. छत्रीच्या मुठीवरची दोऱ्याची गुंडाळी मोजता येते! पाच मिनिटं नुसता झूम करत बसलो.

मास्टर प्रती १६ बिट टिफमध्ये, बिनकॉम्प्रेशन ठेवायच्या असं ठरवलं होतं. ६००० गुणिले ४००० पिक्सेल, लाल-हिरवा-निळा असे तीन चॅनेल, म्हणजे फ्रेममागे १४४ एमबी. हा आकडा इथे टाइप करतानाच लक्षात आलं: अरे, रोल कृष्णधवल आहेत! तीन चॅनेल कशाला? एकच ठेवला तर ४८ एमबी. नवी हार्ड डिस्क कार्टमध्ये टाकली होती, ती काढतोय. आणि एकच ठेवायचा तर बहुधा हिरवा, कारण सेन्सरवर निम्मे पिक्सेल त्याचेच. उद्या लाल-निळ्याशी ताडून बघतो.

आत्याला फोनवर पाठवायला जेपेग वेगळ्या करणार, क्वालिटी ९०. इमराइटऐवजी नव्या पद्धतीने सगळं पुन्हा चालवलं, आता मोजणी लूपवर नाही तर डिस्कवर फाइल सापडली तरच वाढते. ३६ पैकी ३६. पुढचं पाकीट 'इतर'.