तुम्ही विचारलंत म्हणून: हा कुठला राग?

कोल्हापुरात पियानो वाजवणाऱ्याला दोन प्रश्न ठरलेले. पहिला, हे धूड जिन्यातून वर चढवलं कसं? (सहा जणांनी, शिव्या देत.) दुसरा, मी रचलेला दोन मिनिटांचा तुकडा वाजवून झाला की येतो: ‘हा कुठला राग म्हणायचा?’

अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या पदरी गायले, तिथं हा प्रश्न येणारच.

पेटीवर पांढरी दोनला (दोन काळ्यांच्या जोडीमधली पांढरी पट्टी) सा धरा आणि काळीला हात न लावता वर चढा. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. झाला काफी थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा संच). माझा तुकडा याच स्वरांत आहे. पाश्चात्त्य संगीतात यालाच डोरियन मोड म्हणतात. सा पांढरी तीनला नेलात तर भैरवीचे स्वर, चारला नेलात तर कल्याणचे.

पण स्वर जुळले म्हणून राग होत नाही. काफी म्हटली की ‘सासा रेरे गग मम प’ ही चाल कानात येते. माझ्याकडे ती नाही. उलट मी कोमल गंधार आणि कोमल निषाद एकदम दाबतो. गवई दोन स्वर एकदम कुठून काढणार!

पहिल्या खर्ड्यात शेवटी काळी एक घेतली होती, म्हणजे शुद्ध निषाद. पाश्चात्त्य मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या स्वरसंचात) तो बऱ्याचदा घेतात, कारण तो सा कडे ढकलतो. ऐकल्यावर वाटलं, पाहुण्याला चहा न देताच त्याच्या चपला दाखवल्या. काढून टाकला.

तंबोरा नाही, म्हणून डाव्या हातात सा-प. पण हातोडी तारेवर पडली की आवाज विरायला लागतो, पेडल दाबून धरलं तरी विरतोच. दर आठ मात्रांनी सा पुन्हा द्यावा लागतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही, ती पेटीलाही नाही, आणि पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात पेटीला नावं ठेवायची माझी छाती नाही. खरी अडचण कोमल गंधाराची. पियानोत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, त्यामुळे तो सा शी कंपनांच्या ६:५ प्रमाणातल्या गंधारापेक्षा सुमारे १६ सेंट खाली बसतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर कधी थांबत नाही.

हे सगळं परवा शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, ‘काफीच की ओ ती. लाजताय कशाला?’