शेळ्या आत, कलमं बाहेर: कुंपणाचा पाचवा महिना

कोल्हापूरजवळ कळंब्याला घरामागं सहा गुंठे जागा आहे. दोन गुंठ्यांत चार उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड आणि यंदाची तीन करडं. उरलेल्या जागेत हापूसची सात कलमं, चिकू, लिंबू, कढीपत्ता आणि आईची जास्वंद. हे दोन्ही संसार एकमेकांपासून वेगळे ठेवायचे, एवढंच काम मे महिन्यापासून चाललंय.

सुरुवात एप्रिलच्या नुकसानीनं झाली. आमच्या चंद्री शेळीनं दावं तोडलं आणि चार वर्षांच्या एका कलमाची साल तीन बाजूंनी सोलून काढली. पानं खाल्ली तर झाड परत फुटतं. साल गोल निघाली की पानात तयार झालेलं अन्न मुळांना पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. नशिबानं एका बाजूला चार बोटं साल शाबूत होती. जखमेवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचं प्रमाण. मला पुरला त्याचा दहावा भाग. मोरचूद शेळीच्या पोटात गेलं तर विष होतं, तेव्हा लेप लावलेल्या झाडापर्यंत तिचं तोंड पोचता कामा नये. ऑगस्टात त्या कलमाला तांबूस पालवी आली. सकाळी उठलो की आधी तिकडंच जातो.

मे महिन्यात पहिली जाळी घेतली ती चुकीची. चार इंची चौकोनाची वेल्डमेश स्वस्तात मिळाली. तिसऱ्या रात्री बोकडाचा घसा बसेपर्यंत ओरडा. डोकं चौकोनातून बाहेर, शिंगं मागं अडकलेली, आणि तो जीव खाऊन मागं ओढतोय. बॅटरी तोंडात धरून पक्कडीनं दोन तारा तोडल्या तेव्हा सुटला. मानेवरचे केस गेले होते, कातडी लाल झाली होती. शिंगं असलेल्या जनावराला डोकं जाईल एवढं भोक ठेवूच नका. ती जाळी काढून दोन इंची भोकाची, पाच फुटी चेनलिंक लावली. सिमेंटचे खांब आठ-आठ फुटांवर, दोन फूट जमिनीत. कोपऱ्यातल्या खांबांना तिरके टेकू दिले, कारण सगळा ताण तिथंच येतो.

शेळी कुंपणावरून उडी मारण्याआधी त्यावर पुढचे पाय ठेवते. रोज ठेवते. महिन्याभरात जाळीला मधोमध पोट सुटलं. वर, मध्ये आणि खाली ताणाची तार ओवल्यावर ते थांबलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खालची माती वाहून गेली आणि वीतभर फटीतून तिन्ही करडं लिंबाखाली. आता तळाला जांभ्याचे चिरे बसवलेत. पाण्याची टाकी जाळीलगत होती, तीही हलवली. शेळीला ती आयती पायरी.

फाटक उद्यमनगरात करून घेतलं. साधी कडी चंद्री ओठांनी वर ढकलून उघडते, हे मी उभा राहून बघितलं. आधी नाकानं चाचपते, मग वरच्या ओठानं उचलते, आणि फाटक सरकलं की कान टवकारून क्षणभर थांबते. आता स्प्रिंगचा हूक आहे.

जुलैत झटका मशीन बसवली, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा छोटा झटका सोडणारं यंत्र. आतल्या बाजूनं, छातीच्या उंचीवर, इन्सुलेटरवर एकच तार. दोन दिवसांत सगळ्यांनी एकेकदा नाक लावलं आणि पाय ठेवणं बंद. पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून आठवड्याला खुरपणी. कडक उन्हाळ्यात माती कोरडी पडली की झटका मंदावतो; तेव्हा अर्थिंगच्या सळईपाशी पाणी ओतावं लागतं. आणि कळकळीनं सांगतो, घरातली लाईट थेट तारेत सोडू नका. माणूस मरतो.

कुंपणाबाहेरच्या जास्वंदीसाठी शेजारच्या आक्कांनी उपाय सांगितला: "शेणकाल्याचा शिपका मार पानावर, तोंड लावायच्या न्हाईत." खरंच लावत नाहीत. फक्त पाऊस झाला की परत मारायचा. नव्या रोपांना मात्र पिंजराच हवा, पाच फूट उंच आणि खोडापासून तीन फूट लांब. मागच्या पायांवर उभी राहिली की शेळीची मान कुठवर जाते, ते एकदा मोजून बघा.

"दावणीला बांधून टाक की" असं सांगणारे भेटतात. त्यांचं म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. शेळी हिंडत, मान वर करून, दोन घास इथले आणि दोन तिथले खाणारी. म्हणून आत शेवरी आणि सुबाभळीच्या पेंढ्या डोक्याच्या उंचीवर टांगतो. सुबाभूळ तिसऱ्या हिश्शाच्या आतच, जास्त झाली की बाधते. जुने टायर रचून चढायला जागाही केलीय. पोट भरलेली, टायरवर बसून रवंथ करणारी शेळी जाळीकडं फिरकतही नाही, एवढा फरक मशीननंही पडला नव्हता.

एक काम राहिलंय. पलीकडच्या बांधाला कण्हेर आहे, तिच्या फांद्या आमच्या जाळीवर वाकल्यात. चार पानंही घात करतील. मालकांशी बोललोय, रविवारी कोयता घेऊन जाणार आहे.