रिकामा डबा परत द्यायचा नाही

आमच्या बेळगावच्या शहापुरात शेजारणीचा डबा कोण रिकामा परत देत नाही, काहीच नसलं तर मूठभर साखर तरी घालून द्यायची. पलीकडच्या कानडी अक्कासुद्धा तसंच करतात, सीमावाद डब्याला लागू नाही.

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी हेच मांडलं, की भेट फुकट नसते, देणं घेणं आणि परत करणं तिन्ही बंधनकारक, आणि ज्याला परत करता येत नाही तो लहान ठरतो. हे वाचल्यापासून मला भारताचं शेजारधोरण डब्यासारखंच दिसायला लागलंय.

१९९६ ला परराष्ट्रमंत्री असताना गुजरालांनी सांगितलं की नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांच्याकडून परतफेड मागायची नाही. मीही याचं कौतुक करायचो. पण अक्कांनी प्रत्येक वेळी साखरेला "ब्याड ब्याड", म्हणजे नको नको, म्हटलं तर आई त्यांच्याकडून काही घेणंच बंद करेल की!

मालदीवचंच बघा, १९८८ ला आपल्या सैन्यानं तिथलं बंड मोडलं, २०१४ ला राजधानी मालेचं पिण्याचं पाणी बंद पडलं तेव्हा विमानानं आणि जहाजानं पाणी पोचवलं, आणि २०२३ ला भारताच्या सैनिकांना परत पाठवतो म्हणणारे मुइझ्झू अध्यक्ष म्हणून निवडून आले. आपल्या टीव्हीवर एकच शब्द, कृतघ्न.

नेपाळचं जास्त बोचतं. एप्रिल २०१५ च्या भूकंपात आपण लगेच धावलो, आणि सप्टेंबरात त्यांची राज्यघटना आल्यावर सीमेवरच्या रक्सौल-बीरगंज नाक्यावर ट्रक अडकले, गॅस नाही, पेट्रोल नाही. दिल्ली म्हणाली आम्ही नाही अडवलं, मधेशी, म्हणजे नेपाळच्या तराईतले लोक, नव्या घटनेविरुद्ध आंदोलनाला बसलेत. मधेशींची तक्रार खोटी नव्हती, पण त्यांचं गाऱ्हाणं दोन राजधान्यांच्या भांडणातलं प्यादं झालं, आणि हे कसं वाटतं ते बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको, बेळगाव कुणाचं हा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि इलेक्शन आलं की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना आमची आठवण होते. असो. या कोंडीनंतर मार्च २०१६ ला नेपाळनं चीनशी मालवाहतुकीचा करार केला.

भूतानचं तेवढं बरं जमलंय. चुखाचा वीजप्रकल्प आपल्या पैशानं झाला, साठ टक्के अनुदान बाकी कर्ज, आणि तिथली वीज आपण विकत घेतो, म्हणजे डबा भरून परत येतोय. नेपाळशीही जानेवारी २०२४ ला दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घ्यायचा करार झालाय, उशिरा का होईना त्यांची साखर आपण घ्यायला लागलोय.