आहुपे: हिरड्याच्या दिवसांत

मंचर, घोडेगाव मागे पडलं, डिंभे धरणाच्या पाण्याकडेने एसटी वर चढायला लागली आणि माझ्या फोनची रेंज गेली. आहुपे हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं पार पश्चिमेचं टोक. गाव संपतं तिथे सह्याद्रीच संपतो आणि सरळ खाली कोकण दिसतं. कड्यावरून गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके फार सुंदर दिसतात, फोटो काढण्यासारखे. पण मला लिहायचंय ते एका शेणानं सारवलेल्या अंगणाबद्दल.

वैशाखात या पट्ट्यात घरोघरी बाळहिरडा गोळा करतात. त्रिफळ्यात जातो तो पिकलेला हिरडा. हा त्याच झाडाचा, पण आतली बी कडक व्हायच्या आधी उतरवलेला. हिरवीगार, गुळगुळीत फळं अंगणात पसरायची आणि उन्हाच्या हवाली करायची. काही दिवसांत ती आकसतात, सुरकुततात, काळी कुळकुळीत होतात. मुठीत घेऊन हलवली की खडखडतात. मी ज्यांच्याकडे उतरले होते ते महादेव कोळी कुटुंब सकाळीच झाडांकडे जायचं आणि घरी आजी वाळवण राखत बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला न विचारताच सूप पुढे केलं. काडीकचरा, पानं, किडकी फळं वेचून बाजूला टाकायची, एवढंच काम.

त्या कामात मला जे मिळालं ते गेली कित्येक वर्षं कुठल्याच सुट्टीत मिळालं नव्हतं. बोटांना तुरट वास यायचा. काळ्या फळांत एखादं अजून हिरवट राहिलेलं सापडलं की ते परत उन्हात टाकायचं. सावली सरकली की आपणही सरकायचं. पहिल्या तासाभरात डोकं सवयीनं इकडेतिकडे धावत होतं, कुणाला उत्तर द्यायचं राहिलंय, कुठलं बिल भरायचंय. नंतर ते कधी थांबलं मला कळलं नाही. संध्याकाळी सूप ठेवलं तेव्हा पाठ दुखत होती आणि मन इतकं स्वच्छ होतं की मला रडू आलं.

मग मी विचार करत राहिले की हे नेमकं कशानं झालं. मला वाटतं, ठरवायच्या गोष्टी कमी झाल्या म्हणून. शहरातल्या घरी माझी सकाळ निवडण्यातच संपते: काय घालायचं, काय खायचं, कशाकडे आधी बघायचं. इथे माझे दोन जोड कपडे वळणीवर होते, त्यातला वाळलेला तो घालायचा. चुलीवर नाचणीची भाकरी असेल ती खायची. पाणी तापलं की आंघोळ. दिवस आपोआप पुढे जायचा आणि मी त्याच्याबरोबर जायचे.

सकाळी उठून देवराईत जायचे. आहुप्याची देवराई शब्दांत पकडणं अवघड आहे. आत शिरल्यावर ऊन जवळजवळ संपतंच. गारंबीचा वेल मांडीएवढा जाड, पिळा घालत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेला, आणि त्याला लटकलेल्या हात-हातभर लांब शेंगा. देवाच्या रानातलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही, असा जुना रिवाज. सरपणासाठी मैलभर पायपीट करणाऱ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या हाताशी असलेलं लाकूड तसंच पडू दिलं. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावांनी त्या राखल्या होत्या. एखादी गोष्ट आपल्याला घेता येते आणि तरी आपण ती घेत नाही, यात केवढी श्रीमंती आहे, हे मला तिथे उभं राहून पटलं.

एका सकाळी डोक्यावर शेकरू दिसलं. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी, त्यामुळे या भागात ते दिसणं नवल नाही. पण मी मान वर करून उभी होते आणि ते मागच्या पायांवर अंग तोलून, झुपकेदार शेपूट खाली सोडून, पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून कुरतडत होतं. टरफलं माझ्या खांद्यावर पडत होती. ते खाऊन होईपर्यंत मी हलले नाही.

रविवारी कड्यावर गाड्या आल्या. मोठा स्पीकर, त्यावर तीच तीच गाणी, प्लेटा, बाटल्या. मला खरोखर संताप आला. दरीतून वर येणारा वारा ऐकायला इतक्या लांब यायचं आणि तोच ऐकायचा नाही? कचरा गोळा करायला दुसऱ्या दिवशी गावातलीच पोरं गेली.

आणि मग ती दुपार. मी आजींना म्हणाले, "आजी, तुमच्याकडे किती निवांत आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निवांत कसलं बाई? ह्यो हिरडा भिजला तर वर्साचं मीठमिरची कुठनं आणू?"

तासाभरात आभाळ काळं झालं. वळिवाचा वारा सुटला आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायका आपापल्या अंगणात धावल्या. आम्ही हातांनी, सुपांनी, लुगड्याच्या पदरानं हिरडा ओढून गोणीत भरत होतो. एकच ताडपत्री होती, तीही मध्ये फाटलेली, आणि भोकातून पाणी थेट ढिगावर. ओला हिरडा बुरसटतो, मग व्यापारी भाव पाडतो. पाऊस जेमतेम अर्धा तास पडला. आजी ओसरीवर बसून भिजलेली फळं एकेक करून पदराला पुसत होत्या. त्यांच्या शेजारी बसून मीही पुसायला लागले. आम्ही बोललो नाही.

त्या दिवसानंतर साधेपणाबद्दल सहज बोलणं मला जमत नाही. मी कमी वस्तूंत राहते ती माझी निवड असते, कंटाळा आला की मला परतीची एसटी आहे. आजींना ती नाही. त्यांच्या अंगणात मला मिळालेलं समाधान खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही, पण ते त्यांच्या कष्टांच्या सावलीत बसून मिळालेलं होतं, हे विसरून त्याचं कौतुक करणं मला चुकीचं वाटतं. निसर्गात जाऊन साधं जगा असं सांगणाऱ्यांनी निदान एक वळीव तरी अशा अंगणात काढावा.

घरी आल्यावर दोन कपाटं रिकामी केली. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवते, हे टिकलंय. सकाळी बाल्कनीत नुसतं बसायचं ठरवलं होतं, ते आठवडाभरही टिकलं नाही. नुसतं बसणं मला जमत नाही, हाताला काम लागतं. म्हणून आता भाजी निवडायला तिथे बसते, आणि तेवढ्या वेळात बाकी काहीच करत नाही.

मृग लागायच्या आत पुन्हा आहुप्याला जायचंय. एसटीत मांडीवर ठेवून नेता येईल अशी जाड ताडपत्री शोधतेय, आजींचं अंगण भरून उरेल एवढी.