यंत्र होतं, मग नऊ हजार माणसं कशाला?

ब्लेचली पार्कचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या संकेतभेदन केंद्राचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: गणिती ॲलन ट्युरिंगनं यंत्र बनवलं, त्या यंत्रानं जर्मनांचं एनिग्मा हे संकेतयंत्र फोडलं, मग तिथे नऊ हजार माणसं करत काय होती? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा ऐसपैस लिहितोय.

आधी एक दुरुस्ती. एनिग्माची पहिली फोड पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीनं 1932 मध्येच केली होती आणि जुलै 1939 मध्ये पोलिश मंडळींनी आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश-फ्रेंचांच्या हाती दिलं. ब्लेचलीचं काम तिथून पुढचं. दुसरं म्हणजे ते यंत्र, ज्याचं नाव 'बॉम्ब' होतं (स्फोटाशी काडीचा संबंध नाही), त्यानं एकही संदेश कधी वाचला नाही. त्याला एकच प्रश्न विचारता यायचा: या सांकेतिक अक्षरांखाली अमुक शब्द दडलेत असं धरलं, तर एनिग्माची (अक्षरांची अदलाबदल करणारी) चाकं कुठल्या स्थितीत असणं शक्य आहे? प्रश्न तयार करणं आणि उत्तराचं पुढे काही करणं, दोन्ही माणसांकडे.

सुरुवात व्हायची वायरलेस ऐकणाऱ्यांपासून. बोमॅनर, चिकसँड्स, स्कारबरो अशा ठिकाणी कानाला हेडफोन लावून बसलेली मुलं-मुली जर्मन मोर्स पाच-पाच अक्षरांच्या गटांत फॉर्मवर उतरवत. साधं वाक्य ऐकताना एखादा शब्द निसटला तर डोकं तो भरून काढतं. इथे सगळंच निरर्थक, त्यामुळे कानावरच भिस्त. मोर्समध्ये 'व्ही' म्हणजे तीन टिंबं आणि एक रेघ. एक टिंब खरखरीत बुडालं की त्याचा 'यू' झाला. नेमकं तेच अक्षर पुढे हिशोबात वापरलं गेलं तर तासांची मेहनत पाण्यात. म्हणून महत्त्वाचा संदेश शक्यतो दोन जणांकडून ऐकवून घेत. हे कागद आधी मोटारसायकलस्वार आणत, पुढे टेलिप्रिंटरनं येऊ लागले.

मग क्रिब. इंग्रज शाळकरी पोरांच्या बोलीत क्रिब म्हणजे कॉपीची चिठ्ठी. इथे अर्थ असा की संदेशात अमुक मजकूर असणारच हा अंदाज. सैन्यातली माणसं सवयीची गुलाम. रोज ठराविक वेळी हवामानाचा अहवाल, रोज 'विशेष काही घडलं नाही'. ही चिठ्ठी सांकेतिक मजकुराखाली धरायची आणि एकेक घर सरकवायची. एनिग्माचा एक दोष इथे कामी येई: त्यातलं कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही. म्हणजे वरचं आणि खालचं अक्षर एकदाही सारखं आलं की ती जागा बाद. पंचवीस अक्षरांची क्रिब असेल तर साध्या हिशोबानं शंभर चुकीच्या जागांपैकी साठेक अशाच उडतात. मग दोनशे अक्षरांची का नाही घ्यायची? कारण उजवं चाक सव्वीस अक्षरांत एकदा मधल्या चाकाला पुढे ढकलतं, आणि तो ढकला क्रिबच्या मधोमध पडला तर सगळं मुसळ केरात. लांबी किती घ्यायची हा सरावाचा भाग, पुस्तकात बघून ठरत नाही.

याच दोषावर ब्लेचलीतल्या माविस लिव्हरनं नजर रोखली होती. वय जेमतेम एकोणीस-वीस, काम इटालियन नौदलाच्या एनिग्मावर, वरिष्ठ डिली नॉक्स. एका लांबलचक संदेशात तिला एकही 'एल' दिसेना. तिनं ताडलं की इटालियन ऑपरेटरनं चाचणीचा संदेश पाठवताना कंटाळून 'एल'चंच बटण दाबत ठेवलंय. अख्खा संदेश आयती क्रिब! अशी नजर कुठल्याच यंत्रात बसवता येत नव्हती.

क्रिबवरून 'मेनू' काढत, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या स्थितीत कुठल्या अक्षराला जोडलंय याचा आराखडा. त्यात वेटोळी (फिरून त्याच अक्षरापाशी येणाऱ्या साखळ्या) जितकी जास्त तितकी खोटी उत्तरं कमी. हा मेनू बॉम्ब चालवणाऱ्या रेन मुलींकडे जाई. रेन म्हणजे नौदलाच्या महिला दलातल्या. यंत्र माणसापेक्षा उंच, वजन सुमारे टनभर, पुढच्या बाजूला 108 ड्रम, एकेक ड्रम म्हणजे एनिग्माचं एकेक चाक. मुलगी मागच्या बाजूला मेनूप्रमाणे वायरी खोचणार, पुढे चाकांच्या क्रमानुसार रंगीत ड्रम चढवणार, मग यंत्र सुरू. जर्मन भूदल-हवाई दलाकडे पाच चाकं होती आणि त्यातली तीन वापरत, म्हणजे 60 क्रम. यंत्र एका वेळी तीन क्रम तपासे. वीस फेऱ्या, प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं, आणि दर फेरीनंतर ड्रम उतरवून दुसरे चढवायचे.

कटकट ड्रमच्या पोटात होती. प्रत्येक ड्रमच्या मागे तारेचे 104 बारीक ब्रश, म्हणजे एका यंत्रावर अकरा हजारांवर. एक केस वाकडा होऊन शेजारच्याला चिकटला की शॉर्ट सर्किट, आणि यंत्र नको तिथे थांबणार किंवा बरोबर जागी थांबणारच नाही. म्हणून मुली हातात चिमटा घेऊन ब्रशचे केस सरळ करत बसत. गव्हातले खडे वेचावेत तसं काम, फक्त रात्री तीन वाजता, तेलाच्या वासात आणि अखंड खडखडाटात. यंत्र थांबलं की आकडे टिपायचे, दुसऱ्या छोट्या यंत्रावर पडताळायचे, जुळलं तर ब्लेचलीला फोन. तिकडून निरोप आला 'जॉब अप', की त्या मुलीचं काम संपलं. तिनं काय उघडलं, पाणबुडी की रणगाडे, हे तिला कुणी सांगत नसे.

किल्ली, म्हणजे एनिग्माची त्या दिवसाची मांडणी, हाती आली तरी संदेश वाचून झाला असं नाही. ब्रिटिशांची स्वतःची टाइपेक्स ही संकेतयंत्रं एनिग्मासारखी वागतील अशी फिरवून घेतली होती. त्यांवर टायपिस्ट एकेक संदेश बडवत आणि जर्मन मजकूर डिंकाच्या पट्टीवर उमटे, ती पट्टी फॉर्मवर चिकटवायची. वायरलेसवाल्यानं मध्येच एक अक्षर गाळलेलं असेल तर त्यापुढे सगळा कचराच. मग एक भरतीचं अक्षर टाकून गाडी रुळावर आणायची. तिथून कागद तिसऱ्या क्रमांकाच्या हटमध्ये जाई. हट म्हणजे लाकडी बराकी. दोन हटांमध्ये लाकडी बोगदा होता आणि कागदांचा ट्रे झाडूच्या दांड्यानं ढकलत. मग भाषांतर, आणि कार्डं! नाव, हुद्दा, तुकडी, तळ, लघुरूप, सगळ्याचं कार्ड. महिन्यापूर्वी एक अधिकारी ज्या तुकडीत होता तो आज भलतीकडे दिसला, हे कार्डामुळेच कळतं.

पाळ्या तीन: आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ. किल्ली रोज मध्यरात्रीच्या सुमारास बदलायची, म्हणून रात्रपाळी सर्वांत धावपळीची. राहणं आसपासच्या गावांतल्या घरांमध्ये, घरमालकिणीला हा पाहुणा काय करतो याचा पत्ता नाही. हेच काम जपान्यांच्या संकेतांवर आपल्या दिल्लीतही चालायचं, आनंद पर्वतावर.

पदांचा घोळ तर विचारू नका. आठव्या हटमधल्या जोन क्लार्क मुरलेल्या संकेतभेदक, पण त्या कामावरच्या बाईसाठी वरची श्रेणीच सरकारी दप्तरात नव्हती. म्हणून बढती देताना त्यांना 'भाषातज्ज्ञ' केलं. एका फॉर्मवर त्यांनी लिहिलं, श्रेणी: भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा: एकही नाही.

तुमच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर ट्युरिंगनंच देऊन ठेवलंय. 21 ऑक्टोबर 1941 रोजी त्यानं आणि त्याचे सहकारी गॉर्डन वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिलनर-बॅरी यांनी वरिष्ठांना वळसा घालून थेट चर्चिलना पत्र लिहिलं आणि मिलनर-बॅरीनं ते स्वतः डाउनिंग स्ट्रीटवर नेऊन दिलं. पत्रात नव्या गणिताची किंवा नव्या शोधाची मागणी नाही. पंच कार्डांच्या विभागात माणसं कमी असल्यानं नौदलाच्या किल्ल्या रोज किमान बारा तास उशिरा सापडतात, बॉम्बवर रेन मुली पुरत नाहीत, आणि मध्यपूर्वेतून आलेले संदेश टायपिस्टांअभावी पडून आहेत. वीसेक शिकलेल्या टायपिस्ट दिल्या तर हे शेवटचं दुखणं बरं होईल, असं त्यांनी लिहिलं. चर्चिलनी त्यावर 'आजच कारवाई' असा शेरा मारला. युद्ध संपेपर्यंत बॉम्ब यंत्रं दोनशेच्या वर गेली, आणि ती चालवणाऱ्या मुली दीड हजाराच्या वर.