प्रश्नचिन्हांची यादी

ध्वनिमुद्रणांचा एक मोठा संग्रह जुन्या विंडोज संगणकावरून लिनक्स सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे आलं होतं. फाइली नीट आल्या, पण सोबतची एम३यू प्लेलिस्ट लावली तर २१४ पैकी एकही मुद्रण वाजेना. ती यादी लावणारे गृहस्थ आता हयात नाहीत. कशानंतर काय ऐकायचं हे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकून ठरवलं होतं, आणि तो क्रम दुसरीकडे कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. माझ्या पोटात गोळाच आला.

एम३यूमध्ये आवाज नसतो, असतात नुसते फाइलींचे पत्ते, ओळीला एक. १९९५ साली आलेल्या, फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेच्या विनप्ले३ या प्लेअरबरोबर हा प्रकार सुरू झाला आणि पुढे विनॅम्प या दुसऱ्या प्लेअरने तो सगळीकडे पोचवला. साधा मजकूर असल्यामुळे मी ती फाइल सरळ टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. सगळे पत्ते विंडोजच्या धाटणीचे, डी ड्राइव्हपासून सुरू होणारे, बॅकस्लॅशवाले; लिनक्सला ते कळेनात. ते बदलताच १५३ मुद्रणं वाजू लागली.

उरलेल्या ६१ ओळींत नावांच्या जागी फक्त प्रश्नचिन्हं होती. फाइलींची नावं देवनागरीत, आणि यादी जतन झालेली विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत. त्यात देवनागरीला जागाच नाही. देवनागरीही सामावणाऱ्या यूटीएफ-८ एन्कोडिंगमधली यादी, म्हणजे एम३यू८, केली असती तर हे घडलं नसतं.

बराच वेळ मी त्या प्रश्नचिन्हांकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की ती मोजता येतात! ‘मुलाखत’ डोळ्यांना चार अक्षरी दिसते, पण संगणकाच्या लेखी उकार आणि काना वेगळे, म्हणजे सहा चिन्हं. नावांमधल्या मोकळ्या जागाही जशाच्या तशा होत्या. शिवाय विनॅम्पच्या विस्तारित एम३यूत प्रत्येक पत्त्याच्या वर ‘एक्स्टइन्फ’ची ओळ असते आणि तिच्यात मुद्रणाची लांबी सेकंदांत लिहिलेली असते. आकडे शाबूत होते. चिन्हांची संख्या आणि सेकंद प्रत्यक्ष फाइलींच्या नावांशी आणि लांबीशी जुळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. संध्याकाळपर्यंत ५९ नावं सापडली.

दोन राहिली. एकाच मुलाखतीचे भाग १ आणि २, अंक देवनागरीत असल्याने तेही प्रश्नचिन्हं झालेले, आणि दोन्हींची लांबी नेमकी १८०० सेकंद. यादीत ते लागोपाठही नव्हते; मध्ये एक वादन होतं. भाग २ आधी ठेवला असेल का? त्यांच्या बाबतीत तशी शक्यता होती, म्हणून शेजारची मुद्रणं ऐकायला घेतली. वादनाआधीच्या जागी भाग १ लावून पाहिला. त्याच्या शेवटी बोलणारी बाई म्हणते, “थांबा, वाजवूनच दाखवते,” आणि मुद्रण संपतं. पुढच्या ओळीला तेच वादन होतं.

यादी यूटीएफ-८ मध्ये जतन केली, पत्ते फोल्डरच्या सापेक्ष, म्हणजे संग्रह कुठेही हलवला तरी चालतील असे ठेवले, आणि पहिल्यापासून ऐकायला बसलो.