लॅमिनेट केलेला कागद

काकांनी रिपोर्ट पुढे केला तो पहिला नंबर आल्यासारखा. "मॅडम, क्रिएटिनिन ९ वरून ६ वर आलंय!"

डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. मला आकड्याआधी त्यांच्या खांद्याची हाडं दिसली. नोंदवहीत वजन मात्र तेच, ६० किलो. घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा पडला. मांस गेलं होतं आणि जागा पाण्याने भरून निघाली होती. काट्याला काय, दोन्ही सारखंच. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, आणि तो तयार होतो स्नायूंतून. स्नायूच झडले, तर आकडा उतरणारच. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, २.९ म्हणजे कमीच. कुठे जंतुसंसर्ग असला तरी ते घसरतं, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घातलं. पण मी आहारतज्ज्ञ, माझा संशय ताटावर होता.

"खाता काय रोज?"

काकूंनी पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढला. "तुम्हीच दिलेला. एक घास इकडचा तिकडे होऊ दिला नाही."

अक्षर माझंच, दीड वर्षापूर्वीचं. दिवसाला ३६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे किलोमागे ०.६. तेव्हा ते बरोबरच होतं. प्रथिनं कमी, तर त्यांतून होणारा युरिया हा कचरा कमी आणि थकलेल्या मूत्रपिंडांवरचा भारही कमी. डायलिसिस सुरू झालं की हा हिशेब उलटतो. मशीन युरियाबरोबर अमिनो आम्लंही, म्हणजे प्रथिनांचे घटकही, ओढून नेतं, एका वेळेला साधारण ६ ते १२ ग्रॅम. मग किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. काकांना ६० ते ७२ हवे होते. ते निम्म्यावर जगत होते, आणि तेही निष्ठेने.

पथ्य मोडणाऱ्यांना रागवायची आम्हाला सवय. पाळणाऱ्याला काय बोलणार? हा कागद कधी रद्द होतो, हे मीच त्यावर लिहिलं नव्हतं.

नवा तक्ता करायला बसलो. अंड्याचा पांढरा भाग वाढवला, कारण त्यात फॉस्फरस फार कमी. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची, नंतर नाही. पाणी, मीठ, पोटॅशियम यांचे लगाम कायम.

"म्हणजे ९ च बरं होतं?" काकांनी हिरमुसून विचारलं.

"तसंही नाही. पण ६ बघून खूश होऊ नका."

निघताना काकू जुना कागदही पर्समध्ये ठेवायला लागल्या. मी तो मागून घेतला. लॅमिनेशन हाताने फाटेना, म्हणून शेवटी शेजारच्या नर्सकडून कात्री आणली.